घरातून मेहरूणला जाणारी गाडी

रविवारी सकाळी सहा वाजता माझ्या दारावर थाप मारून कोणी "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे" असं म्हणालं, तर मी त्याचं काय करीन हे आमच्या धुळ्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. झोपेच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण जळगावात होते तोवर हे मी दर रविवारी ऐकून घेतलं, आणि पुढं पुढं तर थाप पडायच्या आधीच वेणी घालून बसायला लागले.

थाप मारणारे आमचे घरमालक. अख्खी गल्ली त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही नानाच म्हणायची. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडावरच्या जाळीच्या खिडकीआड बसायचं आणि भोंग्यावरून गाड्या पुकारायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण भोंगा काही घशातून गेला नव्हता. चहा झाला की "चहा फलाटावर लागलेला आहे". नळ आला नाही की "पाणी आज उशिरानं धावत आहे". पाचोरा, भडगाव, चाळीसगाव ही नावं तर ते अशी घ्यायचे, की ऐकणाऱ्यानं उगाच आपली पिशवी चाचपावी.

"लोकाले शिर्डीले पाठवलं, सापुताऱ्याले पाठवलं, पार सुरतेपर्यंत पाठवलं," मला एकदा म्हणाले. "आन मी कुठं गेलो? खिडकीत." हे सांगताना त्यांना वाईट वगैरे वाटत नव्हतं, चांगले हसत होते. माझंच तोंड उतरलेलं पाहून म्हणाले, "काय धुळेकर, तू तरी कुठं गेली? कंपनीत."

खरं होतं, म्हणून जास्त राग आला. मी बियाणांच्या एका कंपनीत माल रवाना करण्याच्या कामावर होते. हंगाम आला की ट्रक, ड्रायव्हर, दुकानदार आणि आमचे साहेब असे सगळे मिळून एकाच वेळी माझ्या कानात ओरडत असत. जेवताना फोन, आंघोळीला जाताना फोन. जळगावात येऊन कितीतरी दिवस झाले तरी मला तिथले दोनच रस्ते माहीत होते, एक जायचा आणि तोच यायचा. आणि मी धुळ्याची. जळगावात पाहण्यासारखं काही असेल, हे मान्य करणं तसंही आमच्या रक्तात नाही.

खोली मिळाली ती अक्कांमुळे. अक्का म्हणजे नानांची बायको. मी जागा बघायला गेले तेव्हा त्या ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "लसूण सोलता येतो का?" मी बसले आणि सोलायला लागले. पाटी संपेपर्यंत दोघी सोलत राहिलो. मग त्यांनी आत हाक मारली, "अहो, चावी द्या हिले." भाडं वगैरे नंतर ठरलं.

त्या माझ्याकडे का बघत नव्हत्या, हे दोन-चार दिवसांत कळलं. काही वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हात सुधारला, पाय जरा ओढत चालायच्या, पण तोंड डाव्या बाजूला किंचित उतरलेलं राहिलं. जेवताना त्या बाजूनं थोडं सांडायचं. आजारातून उठल्यावर पहिल्यांदा कुणाच्या तरी लग्नाला गेल्या. पंगतीत वरण हनुवटीवरून नव्या साडीवर सांडलं, आणि शेजारच्या बाईनं चटकन आपल्या पदरानं त्यांचं तोंड पुसलं. लहान मुलाचं पुसतात तसं. बाई भली होती हो, वाईट काही मनात नव्हतं तिच्या. पण अक्का हात धुवून घरी आल्या, त्या परत फाटकाबाहेर गेल्या नाहीत. डॉक्टर मात्र दर खेपेला बजावून जायचे, "अक्का, घरातल्या घरात चालून भागायचं नाही. बाहेर पडा. बसून राहिलात तर तो पाय कायमचा धरेल." अक्का मान डोलवायच्या आणि डॉक्टरांना चहा द्यायच्या. पाय दर हिवाळ्यात आणखी थोडा जड होत चालला होता, ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

त्या दोघांत मिळून एकच फोन होता, नानांचा मोबाइल. तो कायम खिडकीच्या कट्ट्यावर पडलेला, आणि उचलायच्या अक्काच. पहिली घंटी पुरी वाजू द्यायच्या नाहीत. मी ऑफिसातून जेवायच्या सुट्टीत कधी फोन केला आणि म्हटलं, "लगेच उचलला अक्का?" तर म्हणायच्या, "जाणार कुठी माय मी?" साधंच बोलायच्या, पण मला घास कडू लागायचा.

नानांनी सुरुवातीला पुष्कळ विनवण्या केल्या असणार. माझ्या वेळेपर्यंत त्यांनी ते सोडून दिलं होतं आणि वेगळाच उद्योग मांडला होता. दर रविवारी सहलीला जायचं, परत येऊन सगळं अक्कांना सांगायचं, आणि कधीतरी त्यांना वाटेलच की आपणही जावं. हे मला त्यांनी पहिल्याच रविवारी जिन्यात उभं राहून हळू आवाजात सांगितलं. वर म्हणाले, "मी एकटा सांगतो तर तिले खरं वाटत नाही. साक्षीदार पाहिजे. चाल."

सहल म्हणजे तुम्हाला अजिंठा वाटेल, पद्मालय वाटेल. तसलं काही नाही. नानांची सहल गावाची हद्द ओलांडायची नाही. "जिथं आपलं काहीच काम नाही, तिथं जाऊन बसनं म्हणजे सहल," अशी त्यांची व्याख्या. दाणाबाजारात डाळ आणायला गेलात तर तो बाजार झाला, नुसतं पोत्यावर टेकून नव्या तुरीचा वास घेतलात तर सहल. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून घ्यायची. ज्या रस्त्यानं गेलो त्या रस्त्यानं परतायचं नाही. आणि फोन न्यायचा नाही. या शेवटच्या गोष्टीवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, "नाना, माझी नोकरी जाईल." त्यांनी माझा फोन घेतला, तांदळाच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि म्हणाले, "आता वाजू दे. तांदूळ उचलतीन." संध्याकाळी आले तर अक्का म्हणाल्या, "तुझ्या साहेबाचा फोन व्हता. डब्यातून काढून उचलला मी. म्हटलं, पोरगी सहलीले गेली, सोमवारी ये." साहेबांना त्या 'ये' म्हणाल्या होत्या. सोमवारी साहेब माझ्याशी जरा सांभाळून वागले.

तर अशा आमच्या सहली. लग्नसराईच्या तोंडावर एका बंद गोडाऊनमध्ये बँडवाल्यांचा सराव चालायचा, तिथं आम्ही जाऊन बसलो. लाल कोट नाहीत, टोप्या नाहीत, कुणी लुंगीवर तर कुणी बनियनवर, आणि क्लॅरिनेटवाले म्हातारबुवा एकच तान पुन्हापुन्हा घोटत होते. ती त्यांना एकदाची साधली तेव्हा नानांनी उठून त्यांना दशमी दिली. दुसऱ्या रविवारी गादीवाल्या चाचांच्या दुकानात. चाचा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच गाद्या भरायचे, आणि त्यांची एक रिक्षाही होती. कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं की उन्हाच्या तिरीपेत कापसाचे कण नुसते तरंगत राहायचे. मी रोज त्या दुकानावरून नाकाला ओढणी लावून पळत ऑफिसला जायची. आत बसून पाहिलं तेव्हा कळलं, काय आपण टाकून जात होतो. उन्हाळ्यात एका ओळखीच्या गच्चीवर गेलो, तिथं बाया ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे मोठाले पापड, थापत होत्या. त्यांनी मलाही थापायला बसवलं आणि माझी बिबडी पाहून पोट धरून हसल्या. रेल्वेच्या पादचारी पुलावर उभं राहून मालगाडीचे डबेही मोजले आम्ही, पण नाना मध्येच गप्पा मारायचे आणि मोजणी चुकायची.

एक गोष्ट मला सुरुवातीला फार विचित्र वाटायची. कुठंही गेलं की नाना आधी बसायची जागा शोधायचे. बाक, कट्टा, पायरी, जे असेल त्यावर बसायचे, हात न टेकता उठून बघायचे, परत बसायचे. मग पायऱ्या किती उंच ते बघायचे. बायकांसाठी बाथरूम आहे का, हे मला आत पाठवून बघायला लावायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला काहीतरी खूळ आहे. एकदा बँडवाल्यांच्या गोडाऊनमध्ये खुर्चीवरून तिसऱ्यांदा उठले आणि स्वतःशीच म्हणाले, "हे जमेल तिले." त्यानंतर मी त्यांना कधी हसले नाही.

संध्याकाळी ओसरीवर अक्कांसमोर सहलीचा वृत्तांत. ही खरी मजा. नाना बेधडक खोटं सांगायचे. बँडमध्ये सात जण असले तर वीस सांगायचे. दाणाबाजारातल्या मारुतीला त्यांनी एकदा गणपती केलं. अक्का मेहरूणच्या, म्हणजे जळगावातल्याच तलावाकडच्या, इथंच जन्मलेल्या, इथंच नांदलेल्या, आणि नाना भडगावकडचे. जळगावाबद्दल भडगावच्या माणसानं चुकीचं सांगावं हे अक्कांना सहनच व्हायचं नाही. "कसला गणपती? मारुती शे तो, तुमच्याच अहिराणीत सांगते," अशा त्या उसळायच्या. मग तो रस्ता, ते दुकान, तिथली कोणती बाई कोणाची सून, सगळं सांगत सुटायच्या. सांगता सांगता पदर तोंडावरून खाली यायचा आणि त्यांच्या लक्षातही राहायचं नाही. नाना माझ्याकडे बघायचे नाहीत, पण त्यांच्या पायाचा अंगठा आनंदानं हलत असायचा. ते मुद्दाम चुकायचे की खरंच चुकायचे, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही. शेवटी मात्र अक्का ठरल्यासारखं म्हणायच्या, "बरं झालं, तुमच्या डोळ्यानं पाहिलं मी. झालं." आणि नानांचा अंगठा थांबायचा.

अक्कांचं एकच गाणं होतं, मेहरूणच्या बोरांचं. जळगावात मेहरूणची बोरं म्हणजे काय ते सांगायला नको, पण अक्कांच्या माहेरच्या वाडीत तलावाच्या अंगाला एक बोरीचं झाड होतं, तसं बोर म्हणे साऱ्या मेहरूणात नव्हतं. सालपट पातळ, आत साखर. लहानपणी परकराचा ओचा भरून बोरं खाल्ली होती त्यांनी. वाडी कधीच विकली गेली होती. पण झाडाचा विषय निघाला की त्यांचे डोळे वेगळेच व्हायचे. नाना मला म्हणाले, "ही एका झाडासाठी बाहेर पडेल. बाकी कशासाठी नाही."

म्हणून एका रविवारी आम्ही दोघं ते झाड बघायला गेलो. तलावाला वळसा घालून, विचारत विचारत. झाड नव्हतं. तिथं प्लॉट पडले होते, बंगले झाले होते, आणि जिथं झाड असायला हवं तिथं एक कंपाउंडची भिंत होती, तिच्यावर बोगनवेल. नाना त्या भिंतीपुढं बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशी दशमी कुणी खाल्ली नाही. परतताना मला म्हणाले, "अक्काले सांगू नको. झाडच नाही म्हटल्यावर ती कशासाठी येईल?" मी म्हटलं, "नाना, कधीतरी कळेलच ना." ते म्हणाले, "कळू दे. आज नको."

पण नुसतं गप्प बसतील तर ते नाना कसले. थंडी पडली, बोरांचे ढीग बाजारात आले, आणि हे गृहस्थ एका रविवारी सकाळीच पिशवीभर बोरं घेऊन ओसरीवर हजर. "घे. तुझ्या वाडीतल्या झाडाची. भरून आलं शे झाड, फांद्या वाकल्या शेत." मी तिथंच होते. अक्कांनी एक बोर उचललं, उलटं-सुलटं करून पाहिलं, दातानं फोडलं, आणि बी बाहेर टाकलं.

"हे मेहरूणचंच नाही," अक्का म्हणाल्या.

"कसं नाही? माझ्या हातानं तोडलं."

"याचं सालपट पाहा. हे कुठून तरी बाहेरून आलेलं. माझ्या झाडाचं म्हणून मलेच देता?"

नाना ऐकेनात. हेच बोर, याच झाडाचं, धुळेकरला विचार. मी मान खाली घातली. अक्कांचा आवाज चढत गेला. इतकी वर्षं मी ऐकून घेतलं, मारुतीचा गणपती केला, पण माझ्या बोरीचं असं वाटोळं करू देणार नाही. झाड कोणतं, बोर कोणतं, ते मी दाखवते. आणि मग त्या म्हणाल्या, "बोलवा चाचाले."

ज्या वाक्यासाठी नानांनी इतके रविवार घालवले ते वाक्य आलं होतं, आणि ते ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

चाचा रिक्षा अगदी फाटकाला लावून उभे राहिले. अक्कांना पाहून त्यांनी सीटवर दुकानातली एक नवी उशी टाकली. अक्कांनी पदर ओढून अर्धं तोंड झाकलं. उंबरठा ओलांडला, अंगण ओलांडलं. फाटकाशी त्या थांबल्या. गल्लीत दोन बाया धान्य पाखडत होत्या, त्यांचे हात थांबले. मला वाटलं, संपलं, आता मागं फिरतील. पण अक्कांनी जड पाय आधी उचलला आणि बाहेर टाकला. नाना त्यांच्या मागं होते. हात पुढं करून होते, पण लावत नव्हते.

रिक्षात सगळ्या वाटेनं अक्का दुकानांच्या पाट्या बघत होत्या. हे नवीन, हे जुनंच, हे पाडलं का. नाना हूं म्हणत होते आणि बोटं आवळत होते. मी मनातल्या मनात त्या बंगल्याच्या मालकाला सांगत होते, बाबा रे, तुझी भिंत आजच्या दिवस पाड. तलावाचा वळसा आला. अक्कांनीच चाचांना सांगितलं, इकडून घ्या, आता उजवीकडं, आता थांबवा. बरोब्बर त्या भिंतीपुढं.

अक्का खाली उतरल्या. भिंतीकडे, बोगनवेलीकडे पाहत राहिल्या. नाना काहीतरी बोलायला गेले, "अक्का, मी तुले सांगनारच होतो..." आणि त्या भोंगेवाल्या माणसाचा आवाज मध्येच गेला.

"मले माहीत व्हतं," अक्का म्हणाल्या. "वाडी तोडली तेव्हाच भाचीनं सांगितलं व्हतं."

"मग आली कशाले तू?"

अक्कांनी भिंतीला हात टेकला. मग म्हणाल्या, "दर रविवारी येऊन एवढं खोटं सांगता. म्हातारे झाले तुमी. म्हटलं, थकले असतीन."

मी सरळ चाचांच्या रिक्षामागं गेले आणि रडले. चाचांनी आरसा पुसायला घेतला.

मग आम्ही तलावावर गेलो. नानांनी कधीच हेरून ठेवलेला कट्टा होता, त्यावर अक्का बसल्या, हात न टेकता. ती बाहेरची बोरं पिशवीतून काढली आणि आम्ही खायला लागलो. अक्का खात होत्या, डाव्या बाजूनं थोडा रस ओघळत होता, आणि पदर कधीच खांद्यावर आलेला. फिरायला आलेली एक अनोळखी बाई चालता चालता थांबली. ती म्हणाली, "मावशी, बोरं गोड दिसतात. मेहरूणची का?"

"छे," अक्का म्हणाल्या. "मेहरूणची अशी नसतात. बसा, सांगते." आणि ती बाई खरंच बसली.

ऊन चढायला लागलं तशी मी म्हटलं, नाना, निघायचं का. नानांनी घसा खाकरला आणि अख्ख्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं, "मेहरूणहून घराकडे जाणारी गाडी आज उशिरानं सुटेल. प्रवाशांनी घाई करू नये." सगळ्या नोकरीत गाडीला उशीर झाल्याचं त्यांनी इतक्या आनंदानं कधी सांगितलं नसेल.

आता मी धुळ्यात परत आले. काम तेच आहे, फोनही तसेच. पण रविवारी माझा फोन तांदळाच्या डब्यात असतो, आणि पांझरा नदीच्या काठावर जिथं माझं काहीच काम नाही अशा चार-पाच जागा मला सापडल्या आहेत. डब्यात टाकायच्या आधी मात्र मी एक फोन जळगावला लावते. तो खिडकीच्या कट्ट्यावर वाजत राहतो. पहिली घंटी पुरी होते, दुसरी होते, वाजून वाजून बंद पडतो. कुणी उचलत नाही. घरात कुणी नसतं, आणि फडक्यात बांधलेल्या दशम्याही नसतात. मी झाकण लावते आणि निघते.